नाला कोरडा नव्हता

चि. मंजू,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नोकरीचं कळल्यापासून आईचे पाय जमिनीवर नाहीत, आळीभर पेढे वाटून झाले. मलाही आनंद झालाच. पण पर्यावरण अहवाल करणारी कंपनी आणि पहिलंच काम खाणीचं, हे ऐकल्यावर एक गोष्ट तुला सांगायलाच हवी असं वाटलं. फोनवर ती धड सांगता आली नसती.

तू तेव्हा पाचवी-सहावीत असशील. आपल्या भागात एका खाणीची जनसुनावणी होती. मी शाळेत मास्तर, मला गोंडी येते म्हणून अहवालाचा मराठी सारांश समजावून सांगायला माझ्या हाती माईक दिला. मध्येच एक म्हातारी उठली. म्हणाली, "आमचा नाला यात कुठं आहे?" मी पानं चाळली. सापडला. 'हंगामी, पाहणीवेळी कोरडा.' पाहणी मे महिन्यातली होती. मी तेच वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आज सकाळी झिऱ्यावरून पाणी आणलं मी," आणि खाली बसली.

तो झिरा मला माहीत होता गं. नाल्याच्या वाळूत हातभर खड्डा. तुंब्यानं पाणी काढायचं, पुन्हा साचेपर्यंत उकिडवं बसून राहायचं, तेव्हा कुठं पाण्याचा गुंड भरतो. शाळेतून येताना मी तिथलं पाणी प्यायलो होतो. तरी माईकवर कागदापलीकडचा एक शब्द बोललो नाही. ते मला आजही टोचतं.

पुढे ओडिशातल्या नियमगिरीचा खटला मी मिळेल तिथून वाचला तो यामुळेच. रायगडा आणि कालाहंडी जिल्ह्यांतला हा डोंगर डोंगरिया कोंध लोकांचा देव, नियमराजा. माथ्यावर बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज. तो दगड सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि वर्षभर झऱ्यांना सोडतो. म्हणून ते लोक स्वतःला झरनिया म्हणवतात. खाणीच्या जनसुनावण्या २००३ साली झाल्या. तेव्हा लोकांपुढे होता तो एका हंगामाच्या पाहणीवर घाईनं केलेला अहवाल. सविस्तर अहवाल नंतर आला, तो लोकांपुढे ठेवलाच नाही. आणि एप्रिल २००९ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळून गेली. या मंजुरीविरुद्ध डोंगरिया कोंध माणसं आणि कार्यकर्ते प्रफुल्ल सामंतरा राष्ट्रीय पर्यावरण अपील प्राधिकरणात गेले. सप्टेंबर २०१० मध्ये प्राधिकरणानं मंजुरी स्थगित केली आणि मंत्रालयाला फेरविचार करायला सांगितलं. त्याच्या महिनाभर आधी वन मंजुरीही नाकारली गेली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं १८ एप्रिल २०१३ रोजी देवाच्या डोंगरावरच्या हक्काचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितला. त्या उन्हाळ्यानंतर भर पावसाळ्यात १२ गावांत ग्रामसभा भरल्या, जिल्हा न्यायाधीशांच्या देखत. बाराही गावांनी नाही म्हटलं.

खाण हवी की नको हे तू ठरवायचं नाहीस, मला कळतं. तुझा पगारही खाणवालाच देणार. गोव्यातल्या रिवणच्या खाणीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ साली हेच दाखवून दिलं होतं, की ज्याचा प्रकल्प तोच अहवाल करणाऱ्याला पैसे देतो, तिथं पक्षपाताला वाव राहतो. म्हणून साहेब काहीही म्हणोत, एवढं कर. नाला पावसाळ्यातही बघ आणि उन्हाळ्यातही. 'कोरडा' लिहायच्या आधी पाणी भरणाऱ्या बायांना विचार. अहवाल बदलला तर बदललेला अहवाल पुन्हा गावापुढे जाऊ दे, त्यांना कळेल अशा भाषेत.

गाव गोंडी असेल तर मी येतो बरोबर. गुडघा अजून साथ देतो, दिवसाला दोन-तीन कोस होतात. पाहणीचा महिना कोणता ठरलाय, तेवढं आधी कळव.

तुझा,
बाबा