यादीतला तो शेवटचा पर्याय

गिरगाव, मुंबई
दि. १७ ऑगस्ट

प्रिय बंडू,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, कारण तू जे विचारले आहेस त्याचे उत्तर स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय लिहू नये असे मी ठरवले होते. जुन्या संगणकाला बाहेरचे वाद्ययंत्र जोडायचे म्हणजे नेमके काय करायचे आणि आज जे फुकटच्या प्रोग्रॅमवर होते त्यासाठी पन्नाशीला टेकलेल्या माणसाने एवढा खटाटोप का करावा, असे तुझे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर लांबलचक आहे, दुसऱ्याचे त्यातूनच निघेल.

तुझ्या मामांचे ठाकूरद्वारचे ऑफिस आठवते ना? शनिवारी दुपारी तिथल्या संगणकावर आपण खेळ चढवायचो, तेव्हा आवाजाचे पर्याय विचारणारी एक यादी पडद्यावर यायची. पीसी स्पीकर, मग ॲडलिब हे साउंड कार्ड, आणि सर्वांत शेवटी 'रोलँड एमटी-३२'. एकदा तू हट्टाने तो शेवटचा पर्याय निवडलास, संगणक जागीच गोठला, आणि मामांनी आपल्याला महिनाभर ऑफिसात पाऊल ठेवू दिले नाही. मग आपण डबीतल्या किड्यासारखा किरकिरणारा स्पीकर ऐकत वर्ष काढले आणि खेळाचे संगीत म्हणजे हेच, असे समजून चाललो. ती आपली समजूत किती चुकीची होती, हे मला गेल्या महिन्यात कळले.

मिडी, म्हणजे संगणकाने वाद्ययंत्राला निरोप देण्याची पद्धत, हा आवाज नव्हे, ही गोष्ट आधी डोक्यात पक्की कर. कागदावर 'धा धिं धिं धा' लिहिले तर कागद वाजत नाही. तो वाजवायला तबला लागतो आणि तबलजी लागतो. १९८३ साली वाद्ये बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून जी पद्धत आणली, तिच्यात संगणक फक्त एवढेच सांगतो की अमुक वाहिनीवर अमुक स्वर एवढ्या जोराने दाबा आणि आता सोडा. एका स्वराच्या निरोपाला तीन बाइट लागतात. तारेतून सेकंदाला ३,१२५ बाइट जातात, म्हणजे एक निरोप पोहोचायला सुमारे एक सहस्रांश सेकंद लागतो. आवाज कसा असेल हे सर्वस्वी दुसऱ्या टोकाच्या पेटीवर, म्हणजे आवाज घडवणाऱ्या यंत्रावर, अवलंबून असते. १९८७ साली आलेली रोलँड कंपनीची एमटी-३२ ही अशीच एक पेटी आहे. खेळ बनवणाऱ्या सिएरा कंपनीने १९८८ च्या 'किंग्ज क्वेस्ट ४' पासून तिच्यासाठी खास संगीत लिहून घ्यायला सुरुवात केली. पुढच्या वर्षीच्या 'स्पेस क्वेस्ट ३' चे संगीत तर सुपरट्रॅम्प या रॉक बँडचे ढोलवादक बॉब सीबेनबर्ग यांचे आहे. आपण किरकिर म्हणून जे ऐकत होतो, ते या मंडळींच्या लिखाणाचे नुसते हाडाचे सांगाडे होते.

पेटी मला दादरच्या एका निवृत्त कीबोर्डवादकांकडून मिळाली. ते एके काळी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. पेटी दहा वर्षे जुन्या साड्यांखाली कपाटात पडून होती आणि सोबत अडॅप्टर नव्हता. इथे मी पहिली घोडचूक करता करता वाचलो. पेटीला ९ व्होल्ट लागतात. घरात ९ व्होल्टचा एक अडॅप्टर होता, पिन बसतही होती, तरी मल्टिमीटर लावून बघितले, तर आपल्याकडच्या बहुतेक अडॅप्टरांप्रमाणे मधले टोक धन होते. या पेटीला मध्ये ऋण हवे असते. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने वायर कापून दोन टाके उलटे मारून दिले आणि वर चहा पाजला.

मग केबल. माझ्या ४८६ या जुन्या संगणकाच्या साउंड कार्डावर जॉयस्टिकसाठी पंधरा पिनांचा जो पोर्ट असतो, त्यातूनच मिडीही निघते. त्याला एक केबल लागते, जिच्या दुसऱ्या टोकाला पाच पिनांचे दोन गोल प्लग असतात. आता गंमत बघ, जुन्या संगणकाच्या कीबोर्डचा प्लगही हुबेहूब असाच गोल, पाच पिनांचा असतो. पाठीमागे वाकून, मोबाइलच्या उजेडात, मी मिडीचा प्लग कीबोर्डच्या खोबणीत जवळजवळ घातलाच होता. तिथे एका पिनेवर ५ व्होल्ट असतात, हे मागून आठवले आणि घाम फुटला. पुढे एक तास पेटी मुकी राहिली, कारण 'आउट' लिहिलेला प्लग मी पेटीच्याही 'आउट' मध्ये घातला होता. एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाशी हवे, ही गोष्ट समजायला मला इतकी वर्षे लागावीत!

शेवटी पडद्यावर खेळ सुरू झाला आणि पेटीच्या छोट्या खिडकीत, जिच्यात एका वेळी वीसच अक्षरे मावतात, 'इन्सर्ट बकझॉइड' अशी अक्षरे उजळली. बकझॉइड म्हणजे 'स्पेस क्वेस्ट' च्या दुनियेतले चलन. संगणकापलीकडच्या दुसऱ्याच यंत्राच्या खिडकीत खेळाने केलेला तो विनोद आपल्यासाठीच होता, आणि तो आपल्याला तीस वर्षांनी मिळाला. मी स्वयंपाकघरातून सौ.ला हाक मारून तो दाखवला. तिने "बरं" म्हटले आणि ती परत गेली.

पण दुसरा एक खेळ सुरू करताच त्याच खिडकीत 'बफर ओव्हरफ्लो' आले. खेळ आपले खास आवाज आधी पेटीत भरतो, आणि तो ते इतक्या घाईने पाठवत होता की पेटीला ते पचवायला वेळच मिळत नव्हता. माझी पेटी पहिल्या पिढीची आहे, हेडफोनची खोबण नसलेली, आणि ही अडचण त्याच पिढीला येते. शिवाय काही जुने खेळ १९८४ च्या एमपीयू-४०१ या जोडयंत्राच्या 'हुशार' पद्धतीची (जिच्यात निरोपांच्या वेळा जोडयंत्रच सांभाळते) अपेक्षा धरतात, आणि ती नंतरच्या साध्या कार्डांत नसते. दोन्हींवर सॉफ्टएमपीयू नावाचा एकच छोटा प्रोग्रॅम पुरतो. तो स्मृतीत बसून राहतो, ती पद्धत वठवतो आणि निरोपांमध्ये हवा तेवढा विसावाही घालतो. त्यासाठी ईएमएम३८६ हा स्मृती सांभाळणारा प्रोग्रॅम आधी चालू असावा लागतो, नाहीतर तो उठतच नाही.

आवाजाबद्दल काय सांगू? स्वराची सुरुवात कापून टाकली, तर सतार आणि गिटार ओळखताना कान चकतो, हे तू तबला शिकताना गुरुजींकडून ऐकले असशील. या पेटीत नेमकी तीच सुरुवात, म्हणजे मिजराबीची ठोकर, खऱ्या वाद्याची मुद्रित करून साठवलेली असते, आणि मागची आस विजेने घडवलेली असते. त्या काळात स्मृती महाग होती, म्हणून काढलेली ही युक्ती. पेटी एका वेळी असे बत्तीसच तुकडे वाजवू शकते आणि एका भरगच्च स्वराला चार तुकडे लागू शकतात. म्हणजे अशा आठ स्वरांतच पेटी दमते. लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवूनच लिहिले होते. म्हणून त्या रचनांत मोकळी जागा आहे, ती मला फार आवडली.

एक चूक मात्र करू नकोस. १९९३ चा 'डूम' या पेटीवर लावू नकोस. तो १९९१ मध्ये ठरलेल्या जनरल मिडीच्या वाद्यक्रमावर बेतलेला आहे. या पेटीचा क्रम वेगळा, शिवाय ती पहिली वाहिनी मुळात ऐकतच नाही, दुसरीपासून सुरू करते. मी लावून पाहिला. भूतबाधेच्या ठिकाणी लग्नाच्या वरातीसारखे काहीतरी वाजले. 'डूम' साठी एससी-५५ सारखी जनरल मिडी पाळणारी पेटी लागते. त्या वाटेला मी सध्या गेलेलो नाही, आणि सौ.ला हे वाक्य वाचून दाखवू नकोस.

आता एक तक्रार आहे. पेटीचा आवाज मी सरळ साउंड कार्डात फिरवला, तेव्हा पाठीमागे घूंऽऽ असा नाद यायला लागला. मिडीच्या वाटेत प्रकाशाने निरोप देणारा एक सुटा घटक असतो, त्यामुळे तारेतून ही कटकट येत नाही. पण श्राव्य तार जोडताच दोन्ही यंत्रांची जमीन एकत्र येते आणि नाद घुमतो. बंदुकीचे, पावलांचे आवाज कार्डातून येतात, संगीत पेटीतून येते, त्यामुळे दोन्ही एकत्र करावे तर लागतातच. सध्या एक छोटा मिक्सर मध्ये ठेवला आहे आणि नाद पुष्कळ कमी झाला आहे, पण पूर्ण गेलेला नाही.

म्हणून तू आपली पेटी शोधत बसू नकोस. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर एमटी-३२ ची नक्कल चालवणारा प्रोग्रॅम आहे, तो जुन्या संगणकाला मिडीनेच जोडता येतो आणि त्याला साड्यांखालची धूळ लागत नाही. तुझ्या कानाला फरक कळेलच असे मी म्हणणार नाही. मला मात्र ती खिडकी हवी होती.

दिवाळीत तू येशील तेव्हा सगळे जोडून ठेवतो. येताना तुझ्याकडची 'किंग्ज क्वेस्ट ४' ची फ्लॉपी आणायला विसरू नकोस. माझ्या संचातल्या दोन फ्लॉप्यांवर पावसाळ्यात बुरशी चढली आहे. त्या ड्राइव्हमध्ये घातल्या तर डोकेच खराब होईल, माझे नव्हे, ड्राइव्हचे. तुझ्या फ्लॉपीवरही पांढरे डाग दिसले तर तिथेच थांब आणि आधी मला फोन कर.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू