ॲनिमेची वाट दाखवणाऱ्या मित्रास आभारपत्र

वाचनालयाच्या देवघेव विभागातील तरुण मित्रास,

स. न. वि. वि.

आपण पुस्तकाच्या पावतीच्या मागे लिहून दिलेल्या ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, मालिकांपैकी शेवटची मालिका नुकतीच पाहून झाली. आभार तोंडी मानता आले असते. परंतु आयुष्यभर कादंबऱ्या वाचत आलेल्या आणि ॲनिमे म्हणजे लहान मुलांचे कार्टून असे समजून दूर राहिलेल्या आपल्या इतर सभासदांनाही या यादीचा उपयोग व्हावा, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

‘सुरुवात कुठून करू?’ असे मी विचारले, तेव्हा आपण लगेच नावे सांगितली नाहीत. आधी माझ्या खात्यावर अलीकडे कोणती पुस्तके गेली ते पाहिलेत, दोन-चार प्रश्न विचारलेत आणि मगच लेखणी उचललीत. ‘सर्वोत्तम दहा’ छापाच्या याद्या पैशाला पासरी मिळतात. पण त्या वाचणारा कोण आहे, याच्याशी त्यांना काही देणेघेणे नसते. आपण मात्र प्रत्येक नावापुढे ती मालिका कशी पाहावी आणि कुठे कंटाळा येण्याचा संभव आहे, हेही लिहिलेत. माझे खरे ऋण आहे ते या बारीक अक्षरातल्या सूचनांचे.

गुन्हेगारी कादंबऱ्यांची माझी आवड पाहून आपण पहिले नाव लिहिलेत ‘मॉन्स्टर’ (२००४-०५). नाओकी उरासावा यांच्या ‘मांगा’वर, म्हणजे जपानी चित्रकथेवर, आधारलेल्या या मालिकेत भुते नाहीत की जादू नाही. १९८६ साली ड्यूसेलडॉर्फच्या रुग्णालयात केन्झो तेन्मा हा जपानी मेंदूशल्यविशारद वरिष्ठांचा आदेश डावलून, महापौरांऐवजी आधी आणलेल्या, डोक्यात गोळी लागलेल्या एका मुलावर शस्त्रक्रिया करतो. नऊ वर्षांनी तोच मुलगा थंड डोक्याचा खुनी होऊन त्याच्यासमोर उभा राहतो. खुनी कोण हे आरंभीच उघड करूनही ७४ भाग ताण टिकवून धरणे ही साधी गोष्ट नव्हे. म्युनिकच्या प्रकरणात तेन्मा बराच काळ पडद्यावरून नाहीसा होतो, तेथे मालिका सोडू नका, असे आपण बजावले होते. ती सूचना नसती तर मी दारूच्या व्यसनाशी झगडणाऱ्या रिचर्ड ब्राउन या खासगी गुप्तहेराला मुकले असते, आणि माझ्या मते सबंध मालिकेतले सर्वांत जिवंत पात्र तेच आहे.

‘मुशिशी’साठी (२००५-०६) आपली अट होती, एका रात्री एकच भाग. हंगामच्या हंगाम एका बैठकीत संपवण्याच्या हल्लीच्या रिवाजात ही अट विचित्र वाटेल, पण ती सर्वस्वी योग्य आहे. येथील प्रत्येक भाग स्वतंत्र लघुकथा आहे. गिंको नावाचा फिरस्ता गावोगाव जातो आणि ‘मुशी’ या अदृश्य जीवांमुळे माणसांना जडलेल्या व्यथा समजून घेतो. पहिल्याच भागात डाव्या हाताने काढलेले चित्र जिवंत होणारा एक मुलगा भेटतो. गिंको येथे कोणाचा नायनाट करायला निघालेला नाही, ही गोष्ट मला फार आवडली.

सर्वांत जास्त आभार मात्र ‘शोवा गेन्रोकु राकुगो शिंजू’साठी (२०१६-१७). राकुगो म्हणजे बैठकीवर बसलेल्या एकट्या कथेकऱ्याने पंखा आणि हातरुमाल एवढ्याच सामग्रीवर रंगवलेली गोष्ट. मान डावीकडे वळली की एक पात्र, उजवीकडे वळली की दुसरे. मिटलेला पंखा क्षणात जेवणाच्या काड्या होतो. एकपात्री प्रयोग आणि कीर्तन ऐकत मोठ्या झालेल्या प्रेक्षकाला हा प्रकार परका वाटतच नाही. तुरुंगात ‘शिनिगामी’ ही कथा ऐकून भारावलेला एक माणूस सुटल्यावर थेट त्या कलावंताच्या दारात येऊन शिष्यत्व मागतो, येथून मालिका सुरू होते आणि मग गुरूच्या तारुण्यात, मित्र सुकेरोकुच्या सहवासात आणि हेव्यात बरीच मागे जाते. मालिका संपूर्ण प्रयोग पुष्कळदा न कापता दाखवते. उपशीर्षकांसह मूळ जपानी आवाजातच ऐका, हा आपला आग्रह किती रास्त होता, ते तेव्हा कळले.

सुकेरोकुला आवाज देणारे कोइची यामादेरा यांनीच ‘काउबॉय बीबॉप’ या अंतराळकथेचा (१९९८) नायक स्पाइक यालाही आवाज दिला आहे, हेही आपणच सांगितलेत. त्या मालिकेचे बहुतेक भाग सुटे पाहिले तरी चालतात, फक्त पाचवा, बारावा-तेरावा आणि शेवटचे दोन यांचा क्रम मोडू नये, ही आपली टीप कामी आली. योको कान्नो यांचे संगीत अप्रतिम आहे; तरीही अंतराळकथांत माझे मत ‘प्लॅनेटेस’ला (२००३-०४). २०७५ साली पृथ्वीभोवतीचा कचरा गोळा करणारे कर्मचारी, त्यांच्या खात्याची कायमची पैशांची ओढाताण, कामावर जाण्यापूर्वी लिहून ठेवायची मृत्युपत्रे. विज्ञानकथेत इतके खरे कार्यालय मी पाहिले नव्हते.

‘फुलमेटल अल्केमिस्ट’च्या दोन मालिकांपैकी मूळ मांगाशी इमान राखणारी २००९ची ‘ब्रदरहुड’ निवडून दिलीत, ते बरे झाले. आरंभीचे भाग घाईचे आहेत, पुढे ६४ भाग कसे सरले ते समजले नाही. विनोदी म्हणून सुचवलेल्या ‘निचिजोउ’बाबत (२०११) मात्र आपले जमले नाही. शाळेचे मुख्याध्यापक हरणाशी कुस्ती खेळतात तो प्रसंग पाहून मी मनमुराद हसले, परंतु बाकीचा बराचसा विनोद तरुणांसाठीच असावा.

खेळांवरील एकही मालिका आपण सुचवली नाही, कारण मी खेळाचे पुस्तक कधी नेलेच नाही. आता माझा पुतण्या सुटीत येत आहे आणि तो शाळेच्या संघातून व्हॉलीबॉल खेळतो. व्हॉलीबॉलवरच्या ‘हायक्यू’ मालिकेच्या पहिल्या हंगामाचे २५ भाग आम्हा दोघांना एकत्र पाहता येतील का, की आधी दुसरे काही पाहावे, एवढे पुढच्या वेळी पुस्तक बदलायला येईन तेव्हा अवश्य सांगावे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक सभासद वाचक