लघुपट बघता, तसं कच्चं फुटेजही बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महाविद्यालयीन लघुपट स्पर्धेच्या निकालाची बातमी आपल्या दैनिकात वाचली. विजेत्या पोरापोरींचं अभिनंदन. बातमीत दिग्दर्शकाचं नाव होतं, नायकाचं होतं, प्राचार्यांचं तर होतंच. चित्रण कोणी केलं आणि संकलन कोणी केलं, ते मात्र कुठेच नव्हतं. यात बातमीदाराचा दोष धरत नाही. प्रवेश अर्जावरच ती नावं कोणी विचारत नाही, तर त्याने आणायची कुठून?

मी अमळनेरात लग्नाचे व्हिडिओ करतो. खांद्यावर व्हीएचएसचा कॅमेरा आणि मागे हॅलोजन धरून चालणारा पोऱ्या, त्या काळापासून. हल्ली लग्नाच्या गिऱ्हाइकांइतकीच कॉलेजची पोरं दुकानात येतात. “काका, उद्या सबमिट करायचंय, जरा जोडून द्या ना.” जोडून द्या! म्हणजे शूटिंग यांनी करायचं, शिकायचं मी.

मध्यंतरी एका महाविद्यालयाने मला परीक्षक म्हणून बोलावलं. हातात गुणपत्रक दिलं. विषय, संदेश, अभिनय, सादरीकरण असं करत करत शंभरपैकी नव्वद गुण संपले होते आणि उरलेल्या दहांपुढे ‘तांत्रिक बाजू’ असं लिहिलं होतं. त्या दहांतच कॅमेरा, आवाज, प्रकाश, संकलन. आता पोरं काही खुळी नाहीत. गुण जिथे आहेत तिथेच ती मेहनत करणार. म्हणून आपल्याकडचा प्रत्येक लघुपट भाड्याच्या ड्रोनने सुरू होतो, मग बांधावरून खाली मान घालून चालणारा शेतकरी बाप, खाली बासरी, आणि शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत उपदेश. व्यसनमुक्ती असो की झाडं लावा असो, बासरी तीच. संदेशाला माझा विरोध नाही. पण संदेश निबंधातही लिहिता येतो. कॅमेरा हातात देऊन निबंधच लिहून घ्यायचा असेल तर कॅमेरा कशाला?

प्रोजेक्टमधून काय शिकता येतं ते सांगतो. वैशाख शुद्ध एकादशीला आमच्याकडे संत सखाराम महाराजांचा रथ निघतो. एका गटाने तो चित्रित करायला घेतला. तिघांकडे तीन मोबाइल. दोघं रस्त्याच्या एका बाजूला उभे, तिसरा समोरच्या ओट्यावर चढला. तिघांचे शॉट वेगवेगळे पाहिले तर झकास. एकापुढे एक लावले तेव्हा रथ आधी डावीकडून उजवीकडे चालला, मग उजवीकडून डावीकडे, जणू काही विसरलं म्हणून परत फिरला. पोरं हसली, पण त्यांना धडा कळला. चालणाऱ्या वस्तूच्या वाटेवर एक रेघ मनात ओढायची आणि कॅमेरे शक्यतो तिच्या एकाच अंगाला ठेवायचे. ओलांडायचीच असेल, तर मध्ये रथ थेट अंगावर येतानाचा शॉट हवा, किंवा चाकाला मोगरी, म्हणजे लाकडी ठोकळा, लावणाऱ्या हातांचा. तो नव्हता. पुस्तकात हा नियम अर्ध्या पानाचा आहे. पोरांच्या डोक्यात तो बसला तो टाइमलाइनवर, म्हणजे संगणकात शॉट ओळीने लावतात त्या पट्टीवर, रथ उलटा गेल्यावर.

त्याच फुटेजमध्ये दुकानांच्या दिव्यांसमोर काळे पट्टे सरकत होते. मोबाइल बिघडला असं त्यांना वाटलं. आपली वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची, म्हणून स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते दिसत नाही, मोबाइलला दिसतं. सेकंदाला ३० फ्रेमऐवजी २५ ठेवा, शटर सेकंदाच्या १/५० वर बांधून टाका, बहुतेक वेळा पट्टे जातात. विज्ञान शाखेच्या पोराने हे बारावीत वाचलेलं असतं. उपयोग इथे कळतो.

दुसरा गट हिवाळ्यात शेतावर भरीत चित्रित करायला गेला. हा विषय मी मुद्दाम दिला, कारण वांगं एकदाच भाजतं. आमच्या धंद्यातही तेच, अक्षता दुसऱ्यांदा पडत नाहीत. त्यामुळे जाळ पेटवण्याआधी कागदावर शॉट लिहून काढावे लागले. काड्या रचताना लांबून एक, वांग्याला तेल चोळणारी बोटं, पहिला धूर, साल तडकते ती जवळून, फिरवणाऱ्याचा चेहरा, मग ठेचताना वरून. लसूण-मिरचीला आणि कांद्याच्या पातीला घाई नाही, ते नंतर घेता येतं. एवढं ठरवूनही जाळ लागल्यावर सगळे जाळाच्याच मागे लागले आणि भोवती बसून वाट बघणाऱ्या माणसांचा एकही शॉट आला नाही. संकलनाला बसल्यावर अडलं. कच्च्या वांग्यावरून थेट काळ्या वांग्यावर उडी मारायची तर मध्ये बघणारा एखादा चेहरा लागतो. त्या चेहऱ्यात वेळ लपवता येतो. दुसऱ्या खेपेला कोणी न सांगता त्यांनी चेहरे आधी घेतले. शूटिंग सुधारतं ते संकलनाच्या टेबलावर, हे मी लग्नाच्या कॅसेटी कापतानाच शिकलो. ज्याने स्वतः कापलं नाही, तो काय घ्यायचं राहिलं हे कधीच ओळखत नाही. म्हणून कोणीतरी पैसे घेऊन जोडून देणं, मीसुद्धा, हे त्या पोरांचं नुकसान आहे.

या गटात पारोळ्याकडून एसटीने येणारी एक मुलगी आहे. कॅमेरा तिला फारसा आवडत नाही, पण कान तयार आहे. आजीच्या चुलीपाशी तिने फक्त आवाज घेतला. कळण्याच्या भाकरीची थापटी, फुंकणी, आणि वैतागलेल्या आजीचं “आते बस करा रे भो, मनी भाकर करपी राह्यनी.” संकलनात तिने शेताच्या शॉटवरच थापटीचा आवाज आधी सुरू केला आणि दोन सेकंदांनी चूल दाखवली. बघणारा न कळत शेतातून घरात येतो. बासरी लागली नाही. याला जे-कट म्हणतात हे तिला नंतर समजलं, आधी सुचलं. तिला त्या गुणपत्रकात किती मिळाले असते? दहांपैकी चार-पाच.

आवाजाच्या बाबतीत आपल्या उन्हाळ्याची वेगळी परीक्षा आहे. कूलर चालू ठेवून मुलाखत घेतली तर घरघर येते आणि बंद केला तर मुलाखत देणारा उठून जातो. शेवटी पोरांनी पहाटेची वेळ घेतली. रिकाम्या खोलीची अर्धा मिनिट शांतता वेगळी रेकॉर्ड करायची सवयही लावली. तुकडे जोडताना ती भरायला लागते.

सगळ्यात जास्त घात व्हॉट्सअॅप करतं. मोबाइलमध्ये जागा संपली की पोरं क्लिप ग्रुपवर टाकतात, मूळ पुसतात, आणि दाबून लहान झालेली फाइल संकलनाला आणतात. मग म्हणतात, कॅमेरा हलका आहे. केबल लावा, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि दोन ठिकाणी ठेवल्याशिवाय पुसू नका. शिवाय बहुतेक मोबाइल फ्रेमचा वेग मधेमधे बदलत असतात. त्यामुळे वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज लांब शॉटमध्ये ओठांपासून सरकत जातो. आधी फाइल एकसारख्या वेगाची करून घ्यायची. हे कोणी सांगत नाही, कारण शिकवणाऱ्यांनाही बहुधा कोणी सांगितलेलं नसतं.

साधनं नाहीत, हे कारण मला पटत नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पहिला मोठा चित्रपट दाखवण्याआधी वाटाण्याचं रोप वाढताना एकेक फ्रेम घेऊन टिपलं आणि ते दाखवून पैसा उभा केला. आजच्या भाषेत तो त्यांचा प्रोजेक्टच. फिल्मला भोकं पाडण्यापासूनची कामं सरस्वतीबाईंनी घरात केली. शेजारच्या मालेगावात नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी सायकलची ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन करून चित्रपट काढले. आणि आपल्या चाळीसगावच्या केकी मूस यांनी घरातल्या किरकोळ वस्तू टेबलावर मांडून असे फोटो काढले की बघणाऱ्याला बाहेरचा निसर्ग वाटावा. प्रकाश कुठून आणि किती, एवढं ज्याला कळलं त्याला काश्मीरला जावं लागत नाही. त्यांचं घर स्टेशनजवळच संग्रहालय म्हणून जपलेलं आहे. माध्यम शिकवणाऱ्या किती वर्गांची सहल तिथे जाते? वेरूळला जाताना गाडी चाळीसगावात चहाला थांबते, तेवढीच.

पोटापाण्याचंही बघा. अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर कोटींनी प्रेक्षक आहेत. त्या गाण्यांचं चित्रण आणि संकलन धुळे-जळगावचीच पोरं करतात आणि काही फार चांगलं करतात. फक्त ठेक्यावर कापायची सवय लागली की माणूस बोलत असतानाही हात ठेक्यावरच कापत राहतो. अॅपमधल्या तयार टेम्प्लेटने तर तेवढाही विचार उरत नाही.

स्पर्धा भरवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. लघुपटासोबत कच्चं फुटेज मागवा. अंतिम फेरीतल्या प्रत्येक गटाला परीक्षकांसमोर दहा मिनिटं टाइमलाइन उघडून बसवा. हा शॉट इथे का कापला, हा का टाकून दिला, एवढं विचारा. बाहेरून जोडून आणलेला लघुपट दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडेल. एक फेरी अशी ठेवा की सगळ्यांना एकच फुटेज द्यायचं. आजीचा एक चेहरा, एक कोरडी विहीर, एक मांडव, आणि बघा कोण काय सांगतं. शंभर वर्षांपूर्वी रशियात कुलेशॉव्ह नावाच्या दिग्दर्शकाने हेच करून दाखवलं : तोच चेहरा, शेजारचं चित्र बदललं की बघणाऱ्याला भाव वेगळा दिसतो. आणि चित्रण-संकलनाला निम्मे गुण द्या. संदेशाचे थोडे कमी झाले तरी व्यसनमुक्ती मागे पडणार नाही.

महाविद्यालयांनी संगणक कक्षाचं कुलूप संध्याकाळी दोन तास उशिरा लावावं. केडेनलाइव्ह किंवा शॉटकट ही संकलनाची सॉफ्टवेअर फुकट मिळतात, आधी हलक्या प्रॉक्सी फाइल, म्हणजे फुटेजच्या लहान नकला, करून घेतल्या तर जुन्या संगणकावरही काम होतं. दुपारच्या तासात संकलन होत नसतं, सुरात यायलाच तास जातो.

२०२४ मध्ये अमळनेरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा गावात कॅमेरे उदंड होते. मोबाइल उंचावलेली पोरंही खूप होती. त्यातल्या किती जणांनी ते फुटेज पुन्हा उघडून कापलं असेल, हे त्यांच्या शिक्षकांनी एकदा विचारावं.

आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात. दिवाळी उलटेपर्यंत माझ्या दुकानातली दोन्ही मशिनं दुपारनंतर रिकामी असतात. ज्या गटाला स्वतः कापायचं आहे त्याने यावं, पैसे नकोत. जोडून मात्र मिळणार नाही. मूळ फाइल घेऊन या, आणि गटातल्या ज्याला कॅमेऱ्यापुढे उभं राहायचं होतं त्यालाही बसवा, त्याला आपलेच चांगले शॉट कापायला लावायचे आहेत.

आपला,
लग्नाचा एक व्हिडिओवाला, अमळनेर (जि. जळगाव)