किल्लारीच्या भूकंपग्रस्तांची हृदयतपासणी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात झालेल्या भूकंपाने जवळपास ८ हजार माणसांचा बळी घेतला आणि ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या पहाटे ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेली पंचविशी-तिशीतली माणसे आज साठीच्या आसपास आहेत, म्हणजे नेमकी हृदयविकाराच्या वयात आली आहेत. त्यांच्या रक्तदाबाची तपासणी होते, साखर मोजली जाते. पण त्या पहाटेविषयी आरोग्य यंत्रणा त्यांना काहीही विचारत नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

भीषण प्रसंगानंतर काही जणांना जो आघातोत्तर ताणविकार जडतो, ज्याला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात, तो केवळ मनाचा आजार राहत नाही, हे आता पुरेशा अभ्यासांतून दिसले आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यात असलेल्या जुळ्या भावांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला हृदयरोग नसलेल्या त्या ५६२ जणांपैकी हा ताणविकार असलेल्यांत पुढे २२.६ टक्के लोकांना, तर तो नसलेल्यांत ८.९ टक्के लोकांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा रोग झाला. जुळ्यांचे बालपण आणि बरीचशी आनुवंशिकता सारखीच असल्यामुळे हा फरक घराण्यावर ढकलून मोकळे होता येत नाही. २०१५ मध्ये सुमारे ५० हजार अमेरिकी परिचारिकांच्या वीस वर्षांच्या नोंदी तपासण्यात आल्या, तेव्हा आघात सोसलेल्या आणि या विकाराची चार किंवा अधिक लक्षणे असलेल्या स्त्रियांत हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी जास्त आढळला. सास्तूर, मंगरूळ, होळी या गावांतल्या, घरातली माणसे एका रात्रीत गमावूनही दुसऱ्या दिवसापासून चूल पेटवणाऱ्या बायकांचा विचार मनात आला की हा आकडा मला परका वाटत नाही.

शरीरात घडते ते असे. धोका टळून गेला तरी मेंदूतली भीतीची यंत्रणा शांत होत नाही. ॲड्रेनालिन वारंवार उसळते, नाडी आणि रक्तदाब चढे राहतात, झोप मोडते आणि रात्री झोपेत रक्तदाब उतरायला हवा तो उतरत नाही. रक्तवाहिन्यांत दाह वाढतो, रक्ताची गुठळी होण्याकडे कल वाढतो. त्यात झोप लागावी म्हणून दारू आणि मन गुंतावे म्हणून तंबाखू किंवा मिश्री यांची भर पडते. शिवाय आमच्या भागात भीतीला जुने व्हायची सवडच मिळत नाही. २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले, तेव्हा माणसे पुन्हा घराबाहेर झोपू लागली होती.

या संबंधाचा काही वाटा धूम्रपान, स्थूलपणा, मधुमेह आणि नैराश्य यांतून येतो, असे २०१९ मधल्या अमेरिकी माजी सैनिकांच्या अभ्यासाने दाखवले आहे आणि ते मान्य करायलाच हवे. मात्र माझ्या मते त्यामुळे मागणी उलट बळकट होते, कारण ही सगळी कारणे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर हाताळता येण्याजोगी आहेत.

आशाताई तिशीवरच्या प्रत्येकाचा आजारांची जोखीम नोंदवणारा जो सी-बॅक फॉर्म भरतात, त्यात तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरातला आजार यांबरोबर उदासीनतेविषयीचे दोन प्रश्न आधीपासून आहेत. पीटीएसडीच्या प्राथमिक चाचणीत पाचच प्रश्न असतात. ते मराठवाड्याच्या बोलीत नीट बसवून, या ५२ गावांसाठी त्या फॉर्मला जोडावेत. ज्यांची उत्तरे काळजी करण्याजोगी निघतील त्यांचा रक्तदाब, साखर, चरबी आणि ईसीजी यांची तपासणी त्याच आठवड्यात व्हावी आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या समुपदेशकाने महिन्यातून ठरलेल्या दिवशी गावात यावे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक उपयोगी आहे, पण तीस वर्षे जे कोणाशी बोलले नाहीत ते फोनवर अनोळखी माणसाशी बोलतील, ही अपेक्षा फार मोठी आहे. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर असल्याने या कामाचे वेगळे मानधन आदेशातच नमूद असावे.

माळीण, तळीये आणि इर्शाळवाडी येथील दरडीतून वाचलेल्यांत अनेक तरुण आहेत. त्यांच्यासाठी हीच नोंदणी आजपासून सुरू झाली, तर वीस वर्षांनी होणारे नुकसान टाळण्याची संधी आपल्या हाती राहील.

येत्या अर्थसंकल्पात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांसाठी या कामाची तरतूद व्हावी आणि पहिल्या वर्षाची आकडेवारी ग्रामसभांपुढे ठेवली जावी, ही विनंती.

आपला नम्र,
औसा तालुक्यातील एक वैद्यकीय व्यावसायिक