चिपळूणचं टेबल चिपळूणलाच राहू दे

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आजोबांचं सागवानी टेबल इकडे पाठवायची चौकशी थांबवा. मी इथे ओकचं टेबल करायला घेतलंय. वखारीतून फळ्या आल्या, पाय कापून झाले. आता त्यात बदल नाही.

राग मानू नका. २०२१च्या पुरातून ते टेबल कसं वाचलं ते मला माहीत आहे, म्हणूनच नको म्हणते. सागवान फारसं हलत नाही, असं तुम्ही म्हणालच. पण जन्मभर वाशिष्ठीकाठच्या दमट हवेत राहिलेलं लाकूड ओहायोच्या हिवाळ्यात, रात्रंदिवस हीटर चालणाऱ्या खोलीत आलं तर सांधे सुटतील, वरची फळी चिरेल. शिवाय भाडं केवढं! आणि सकाळी तुम्ही पेपर कुठे पसरणार?

आई, तुझ्या मनात काय आलं असेल ते कळतंय. अथर्वची शाळा होईपर्यंत आम्ही इथेच आहोत, हे खरं आहे. पण तुमच्याशिवाय राहायचं म्हणून नाही. हे टेबल मी तुम्हा दोघांच्या मापानं करतेय.

उंची १८ इंच, म्हणजे सोफ्यावरून चहा उचलायला बाबांना कमरेत वाकायला नको. कोपरे गोल केलेत, तुझ्या गुडघ्याला लागणार नाहीत. लाकूड व्हाइट ओक, इथल्याच जंगलातलं. त्याची छिद्रं आतून बुजलेली असतात, म्हणून पूर्वीपासून पिंपांना हेच वापरतात; चहा सांडला तरी पटकन मुरत नाही. वरची फळी २२ इंच रुंद आहे. हिवाळा-उन्हाळ्यात ती सहज पाव इंच कमी-जास्त होईल, म्हणून खालून लांबट भोकं पाडून स्क्रू लावणार आहे. सरकायला जागा राहिली की फळी तडकत नाही.

खण मात्र मी फार जीव लावून करतेय. आई, तुझ्या बोटांना मूठ धरवत नाही, म्हणून मूठच नाही. खालून अख्खा पंजा जाईल अशी खाच ठेवलीय. मागे अडसर आहे, खण ओढला तरी पायावर पडणार नाही. एका बाजूला बाबांच्या बीपीच्या गोळ्या आणि चष्मा, दुसऱ्या बाजूला तुझा वातींचा कापूस. पट्ट्यांना मेणबत्ती घासणार, पावसाळ्यात देवघराचं दार फुगलं की तू घासायचीस तशीच. आपल्या टेबलाचा खण गणपतीत जो अडकायचा, तो पार दसऱ्याला सुटायचा. माझे सागरगोटे आत, मी टेबलाखाली रुसून, आणि तू वरून खोबऱ्याची वडी खाली सरकवायचीस. आई, ती वडी इथे मला जमत नाही गं.

बाबा, तेल लावलेल्या फडक्यांची काळजी करू नका. बोळा करून ठेवली तर ती आपोआप पेट घेतात, म्हणून मी बाहेर कुंपणावर पसरून वाळवते. गॉगल आणि मास्क लावते. बोटं दहाच्या दहा आहेत.

आता नीट ऐका. मे महिन्याची तिकिटं काढलीत. त्याआधी आईचा मोतीबिंदू उरकायचा, "नंतर बघू" चालणार नाही. गोळ्या सगळ्या दिवसांना पुरतील एवढ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत. अडकित्ता मात्र मोठ्या बॅगेत. आणि तो ओला असताना टेबलावर ठेवायचा नाही बाबा. हिरड्यात लोखंड पडलं की शाई होते ना, तसा ओकवर ओल्या लोखंडाचा काळा डाग पडतो. बरं, पडला तर पडू दे, मी घासून काढीन. तुम्ही या.

विमानतळावर दोघांना व्हीलचेअर सांगितलीय. "मला कशाला" म्हणत चालत सुटू नका. माणूस न्यायला येईल, त्याच्याबरोबर मुकाट्यानं बसून जायचं.

तुमची,
मनू