गुहेतली ट्रेन आणि कड्यातला किल्ला

प्रिय आई आणि बाबा,

परवा फोनवर छोटीच्या दंग्यात काही सांगताच आलं नाही म्हणून लिहितेय. सुट्टीत म्युनिकहून गाडी घेऊन स्लोव्हेनियाला जाऊन आलो, पोस्तोयनाची गुहा आणि तिथून जवळच असलेला प्रेदयामाचा किल्ला बघितला.

आई, गुहा म्हटल्यावर तू लगेच गुडघ्यांचं कारण काढशील, पण आत चक्क ट्रेन आहे! माथेरानच्या गाडीपेक्षाही बुटकी, वरून उघडी, आणि अशी सुसाट जाते की छत लागेल म्हणून सगळे आपोआप माना खाली घालतात. १८७२ पासून आत रूळ आहेत, तेव्हा म्हणे गाईडच डबे ढकलायचे. ट्रेनमधून उतरल्यावर दीडेक किलोमीटर चालायचं, चढउतार आहे पण वाट पक्की आहे, तुला जमेल. बाहेर कितीही ऊन असो आत १० डिग्रीच, त्यामुळे स्वेटर मस्ट.

आपली लेणी माणसांनी छिन्नीने कोरलेली, इथे सगळी करामत पाण्याची. पिवका नदीने चुनखडी विरघळवत २४ किलोमीटरची गुहा केलीय आणि वरून ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना साचून साचून खांब झालेत, मिलिमीटरभर वाढायला दहा-दहा वर्षं लागतात, आणि ब्रिलियंट नावाचा पांढराशुभ्र खांब पाच मीटर उंच आहे, आता करा हिशोब. गर्दी मात्र भयंकर, एका जागी निवांत उभं राहू देत नाहीत, ते नाही आवडलं मला.

छोटी अडकली प्रोटियसपाशी. गुलाबीसर, आंधळा, वीतभर प्राणी, वर्षानुवर्षं न खाता राहतो. पूर्वी लोकांना ही ड्रॅगनची पिल्लं वाटायची. तेव्हापासून जेवायला बोलावलं की बाई म्हणतात, मी प्रोटियस आहे.

बाबा, किल्ला खास तुमच्यासाठी. १२३ मीटरच्या उभ्या कड्यात, गुहेच्या तोंडातच बांधलाय. पंधराव्या शतकात एराझेम नावाचा सरदार बादशहाशी वाकडं घेऊन इथे बसला. ट्रिएस्टच्या सुभेदाराने वेढा घातला, वाटलं उपाशी मरेल, तर हा पठ्ठ्या मागच्या भुयारातून सामान आणायचा आणि वरून वेढेवाल्यांवर ताज्या चेरी फेकायचा! वर्षभर चाललं हे. शेवटी आपल्याकडच्यासारखीच फितुरी, नोकराने साहेब संडासात गेल्याची खूण केली आणि तोफेचा गोळा बरोब्बर तिथेच. दंतकथाच म्हणा, आत्ताची इमारत तर १५७० च्या सुमाराची, पण आलेला प्रत्येक जण आधी संडास कुठेय तेच विचारतो. पायऱ्या भरपूर आहेत, आई खाली कॉफी पीत बसेल.

पुढच्या उन्हाळ्यात या. किल्ल्याखालची गुहा थंडीत वटवाघळं झोपतात म्हणून बंद असते, त्यामुळे दिवाळीनंतर नकोच. बाबा, पासपोर्ट आत्ताच रिन्यूला टाका, व्हिसाचं मी बघते. आणि गोडा मसाला संपलाय, कोणी येत असेल तर पाठवा.

तुमची,
मनू