हवामान संशोधन कारखान्याच्या धुराड्यापर्यंत न्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवामान बदल रोखण्याच्या सरकारी योजनांमध्ये उद्दिष्टांची उणीव नाही. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन, म्हणजे जेवढे हरितगृह वायू सोडू तेवढेच हवेतून काढून घेण्याची स्थिती, गाठण्याचे वचन आपण ग्लासगो परिषदेत जगाला दिले. ज्या तंत्रज्ञानाच्या भरवशावर ते दिले, त्याच्या संशोधनासाठी ठेवलेली तरतूद मात्र तुटपुंजी आहे. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन (अक्षय ऊर्जेच्या साहाय्याने तयार होणारा हायड्रोजन) अभियानाच्या १९,७४४ कोटी रुपयांपैकी १७,४९० कोटी उत्पादनाच्या प्रोत्साहनासाठी, १,४६६ कोटी प्रायोगिक प्रकल्पांसाठी आणि संशोधन व विकासासाठी केवळ ४०० कोटी, म्हणजे जेमतेम दोन टक्के आहेत.

पैशाइतकीच गंभीर अडचण प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यातील अंतराची आहे. धुरातील कार्बन डायऑक्साइड पकडून त्याचा वापर करण्याच्या तंत्रज्ञानासाठी केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने पवईच्या आयआयटीत राष्ट्रीय केंद्र उभे राहिले आहे. ठाण्याची खाडी ओलांडली की ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा लागतो. तिथल्या रासायनिक कारखान्यांत नोकरीची वर्षे घालवल्यामुळे एवढे खात्रीने सांगू शकतो की, बॉयलरचा धूर प्रयोगशाळेतल्या सिलिंडरमधील शुद्ध वायूसारखा नसतो. त्यात धूळ असते, गंधकाची संयुगे असतात, आणि त्यांच्यामुळे कार्बन डायऑक्साइड शोषणारे अमाइन या रसायनाचे द्रावण खराब होत जाते. शोषलेला वायू मोकळा करण्यासाठी ते द्रावण साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. त्यासाठी लागणारी वाफ त्याच कारखान्याच्या बॉयलरमधून घेतली, तर इंधनाचा खर्च वाढतो. पाळी बदलते, उत्पादन कमी-जास्त होते, तसे धुराचे प्रमाणही बदलते. या सर्व परिस्थितीत एखादी पद्धत वर्षभर टिकते का आणि एक टन कार्बन डायऑक्साइड पकडायला किती खर्च येतो, हे कारखान्यात यंत्रणा बसवल्याशिवाय कळणार नाही. (वाफेची गळती थांबवणे आणि वाया जाणारी उष्णता परत वापरणे हे याहून कितीतरी स्वस्त आहे, आणि ते आधी झाले पाहिजे.)

लहान-मध्यम कारखान्याच्या मालकाने ही जोखीम स्वतःच्या खिशातून घ्यावी, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. म्हणून राज्य शासनाने एमआयडीसीमार्फत या पट्ट्यातील वेगवेगळी इंधने वापरणारे काही कारखाने निवडून तिथे सार्वजनिक खर्चाने चाचणी-यंत्रणा उभाराव्यात आणि पवईच्या केंद्रासह राज्यातील अन्य संशोधन संस्थांना त्या खुल्या कराव्यात. कोणत्या कारखान्यात कोणते इंधन जळते आणि धुराडे किती उंच आहे, याची नोंद प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रांत असतेच, त्यामुळे निवडीसाठी नव्याने सर्वेक्षण करण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही.

चाचण्यांचे निष्कर्ष, विशेषतः फसलेल्या चाचण्यांचे, मराठीतही प्रसिद्ध व्हावेत. सार्वजनिक पैशातून मिळालेले ज्ञान फायलींत राहिले, तर तीच चूक पुढच्या संस्थेकडून पुन्हा होईल आणि पुन्हा जनतेच्याच पैशाने होईल. शासनाने निदान पुढील अर्थसंकल्पात या कामासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष (खर्चाच्या नोंदीचे वेगळे खाते) निर्माण करावे आणि त्याखालील खर्चाचा तपशील दरवर्षी विधिमंडळासमोर ठेवावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रसायन अभियंता, ऐरोली, नवी मुंबई